चौऱ्याहत्तर जण: सेलिश समुद्रातल्या ऑर्का कुटुंबांविषयी

माणदेशी_लेक (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या सप्टेंबरात आई दहिवडीहून आमच्याकडे सिएटलला आली होती. तिला घेऊन आम्ही अ‍ॅनाकोर्टिसहून फेरीने सॅन वान बेटावर गेलो. लाइम किल्नच्या दीपगृहाखाली कातळ आहे, तिथे दोन दिवस बसून नुसतं पाणी बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेकडून एक काळा, माणसाएवढा उंच पर पाण्यातून वर आला. त्याच्यामागे दुसरा, मग चार-पाच. किनाऱ्याच्या इतक्या जवळून गेले की श्वास सोडल्याचा आवाज कानावर आला. एक मादी होती आणि तिच्या कुशीला लागून तिचं पिल्लू. ती वर आली की तेही वर, ती खाली गेली की तेही खाली. आई एवढंच म्हणाली, "लेकुरवाळी आहे गं बाई."

परतीच्या फेरीत मी तिला यांची हकीकत सांगितली. हे ऑर्का, म्हणजे डॉल्फिनच्या जातकुळीतले मोठे काळे-पांढरे सस्तन प्राणी, उपाशी आहेत, त्यांना मासा पुरत नाही, गर्भ राहतात पण टिकत नाहीत. आईला त्यात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "चारा नसला की गाय गाभडते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या दावणीला तेच झालं होतं." मी चार वर्षं यांच्याबद्दल वाचतेय, पण इतक्या थोडक्यात मला हे कधी सांगता आलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतेय.

शास्त्रज्ञ यांना 'सदर्न रेसिडेंट' म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे रहिवासी. अमेरिकेचं वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्यामध्ये जो समुद्र आत शिरलाय, त्याला सेलिश समुद्र म्हणतात. उन्हाळा आणि शरदात हे तिथे असतात, हिवाळ्यात बाहेरच्या किनाऱ्याने पार कॅलिफोर्नियापर्यंत जातात. जे, के आणि एल अशी तीन कुळं. सॅन वान बेटावरचं सेंटर फॉर व्हेल रिसर्च १९७६ पासून दरवर्षी यांची गणती करतं. जुलै २०२५ च्या गणतीत ७४ भरले. आदल्या वर्षी ७३ होते. १९९५ साली ९८ होते.

७४ हा अंदाज नाही बरं का. प्रत्येकाला क्रमांक आहे, बहुतेकांना नाव आहे. पराच्या मागे जो राखाडी डाग असतो तो प्रत्येकाचा वेगळा, हे कॅनडाच्या मायकल बिग यांनी सत्तरच्या दशकात ओळखलं आणि फोटोंवरून माणसं ओळखावीत तसे ऑर्का ओळखायला सुरुवात केली. त्यामुळे यांची अख्खी वंशावळ लिहिलेली आहे. कोण कुणाची आई, कुणाची आजी, कुणाचं पिल्लू कोणत्या हिवाळ्यात गेलं, सगळं.

आणि वंशावळ चालते ती आईच्या बाजूने. मुलगी तर आईजवळ राहतेच, मुलगाही जन्मभर आईला सोडत नाही. दुसऱ्या कुळातल्या मादीशी संग करून परत आईच्या बाजूला येऊन पोहायला लागतो. चाळिशीच्या आसपास माद्यांची पाळी जावी तशी वीण थांबते, पण पुढे त्या कित्येक दशकं जगतात. ज्या वर्षी सॅमन कमी असतो त्या वर्षी कळपाच्या पुढे या म्हाताऱ्याच असतात, असं संशोधकांनी चित्रफितींवरून दाखवून दिलं. मासा कुठे सापडेल हे त्यांना आठवतं. पकडलेला मासा त्या तोडून लेकरांना वाटतात. आई गेली की तिशी ओलांडलेला तगडा मुलगासुद्धा लवकर मरण्याची शक्यता खूप वाढते.

२०१८ च्या जुलैत जे ३५ म्हणजे ताह्लेक्वा हिला मुलगी झाली आणि अर्ध्या तासात ती मेली. ताह्लेक्वाने तो देह सोडला नाही. नाकाडावर तोलून, बुडाला की खोल सूर मारून परत वर आणून, १७ दिवस ती पोहत राहिली. हजार मैल. सगळ्या जगाने ते पाहिलं. २०२० मध्ये तिला मुलगा झाला, जे ५७, तो जगला. २०२४ च्या डिसेंबरात परत मुलगी झाली, तीही गेली, आणि २०२५ च्या जानेवारीत ताह्लेक्वा पुन्हा मेलेलं लेकरू घेऊन फिरताना दिसली.

मला या धाग्यात तिच्या दुःखापाशी थांबायचं नाहीये. ती का वाहत होती यापेक्षा तिची लेकरं का जगत नाहीत, हे बोलायचं आहे. ज्याला जे माहीत असेल त्याने लिहावं.

रानवाट

फार चांगला धागा, ताई. एक प्रश्न. ऑर्का म्हणजेच किलर व्हेल ना? ते तर सील खातात, मोठ्या देवमाशांनाही फाडतात असं चित्रफितींत बघितलंय. मग एका माशापायी उपाशी का मरावेत? दुसरं काही खाता येत नाही?

माणदेशी_लेक

@रानवाट, हाच प्रश्न मलाही पडला होता. त्याच समुद्रात दोन प्रकारचे ऑर्का राहतात. एक हे, निव्वळ मासे खाणारे. दुसरे 'बिग्ज', सील, समुद्रसिंह, पॉर्पॉइज खाणारे. एकमेकांच्या शेजारून जातात पण मिसळत नाहीत, त्यांच्यात संग होत नाही, बोलीही वेगळी. लाखो वर्षांपूर्वी ही घराणी फुटली. २०२४ मध्ये तर काही शास्त्रज्ञांनी या दोन वेगळ्या प्रजातीच मानाव्यात असं मांडलं.

सदर्न रेसिडेंट मासे खातात, त्यातही उन्हाळ्यात बहुतांश चिनूक. तो सॅमनांमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चरबीदार. (सॅमन नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला परत नदीत चढतात.) सील समोरून गेला तरी ते त्याच्याकडे अन्न म्हणून बघत नाहीत. काय खायचं हे पोटातून येत नाही, आईकडून येतं.

आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा आल्यावर सील मारणं बंद झालं आणि सील भरपूर वाढले. त्यामुळे बिग्ज ऑर्का आज साडेतीनशेच्या वर आहेत आणि वाढतायत. तेच पाणी, तीच जहाजं, तोच गोंगाट. विषारी रसायनं तर त्यांच्या अंगात यांच्याहून जास्त, कारण ते अन्नसाखळीत आणखी वरचं खातात. तरीही त्यांची पिल्लं जगतात. फरक एकच, त्यांचं ताट भरलेलं आहे.

म्हणून कुणी "प्रदूषण, आवाज आणि भूक ही तीन कारणं" अशी सारख्या मापाची यादी दिली की मला ती पुरेशी वाटत नाही. पीसीबी आणि डीडीटी ही विषारी रसायनं चरबीत साठतात. पोट भरलेलं असेल तोवर ती तिथेच बऱ्यापैकी पडून राहतात. उपास पडले की शरीर चरबी जाळायला लागतं आणि विष रक्तात उतरतं. दुधातून पहिल्या पिल्लाला जातं. पाणी गजबजलेलं असेल तर मासा शोधायला जास्त वेळ लागतो, म्हणजे परत उपासच. सगळे रस्ते येऊन पोटाशी मिळतात.

अनुजा_पुणे

गर्भ टिकत नाहीत हे कळतं कसं? समुद्रातल्या प्राण्याची सोनोग्राफी तर कुणी करत नसणार.

निनाद_व्हँकूवर

@अनुजा, विष्ठेवरून. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम वासर यांच्या गटाकडे टकर नावाचा काळा लॅब्रेडोर होता. सिएटलच्या रस्त्यावर सापडलेला बेवारस कुत्रा. बोटीच्या नाळेवर उभा राहून तो वाऱ्यावर ऑर्काच्या विष्ठेचा वास घ्यायचा आणि अंग ज्या बाजूला झुकेल तिकडे बोट वळवायची. विष्ठा थोडाच वेळ तरंगते, मग बुडते, त्यामुळे घाई. ती गोळा करून त्यातली संप्रेरकं तपासली: गर्भारपणाची, उपासमारीची, ताणाची. २००८ ते २०१४ या काळात ज्या गर्भधारणा ओळखता आल्या त्यातल्या ६९ टक्क्यांपर्यंत वाया गेल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच शेवटच्या महिन्यांत. यांचं गर्भारपण जवळपास दीड वर्षाचं असतं हे लक्षात घ्या. आईंनी गाभडण्याचं जे सांगितलं ते अक्षरशः खरं आहे.

प्राण्याला न शिवता, जाळं न टाकता ही माहिती मिळाली याचं मला फार अप्रूप आहे.

डोंगरकडा

धागा वाचला. वाईट वाटलं. पण मनापासून विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात माणसं कर्जापायी जीव देतात. ७४ प्राण्यांसाठी दोन देशांची सरकारं कोट्यवधी डॉलर खर्च करतात, हे पचायला जड जातं. यांची शिकार तर कुणी करत नाही. निसर्गानेच संख्या कमी होत असेल तर आपण किती मध्ये पडायचं?

माणदेशी_लेक

@डोंगरकडा, राग कशाला. मी माणची आहे, दुष्काळ आणि कर्ज दोन्ही घरात पाहिलंय. पण "निसर्गाने" हा शब्द इथे चुकतोय, त्याबद्दल लिहिते.

साठ आणि सत्तरच्या दशकात मत्स्यालयांसाठी हे ऑर्का पकडून विकले. ८ ऑगस्ट १९७० ला व्हिडबी बेटाच्या पेन कोव्ह खाडीत बोटी, विमान आणि स्फोटकं वापरून ऐंशीच्या आसपास ऑर्का कोंडले. पिल्लं जाळ्याच्या एका बाजूला, आया दुसऱ्या बाजूला. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगून ठेवलंय की आया हाकांवर हाका देत होत्या, आणि वाट मोकळी असूनही बाहेरचे ऑर्का तिथून हलले नाहीत. सात पिल्लं नेली. काही जाळ्यात गुदमरून मेली. ती कुणाला दिसू नयेत म्हणून पोटं फाडून, दगड भरून, साखळ्या बांधून बुडवली. पुढे त्यातली काही वर आली तेव्हा लोकांना हे कळलं.

त्यात नेलेलं एक पिल्लू म्हणजे टोकिटे. मायामीच्या एका टाकीत तिने ५३ वर्षं काढली आणि १८ ऑगस्ट २०२३ ला ती तिथेच गेली. तिला घरच्या पाण्यात परत आणायची बोलणी चालू असताना. लमी हे इथले आदिवासी लोक हिला आपली नातलग मानतात. त्यांच्या भाषेत ऑर्काला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'लाटांखालचे आमचे आप्त' असा आहे. त्यांनी तिची रक्षा याच समुद्रात विसर्जित केली.

१९७६ मध्ये ऑलिम्पियाजवळ बड इनलेटमध्ये पुन्हा असंच धरपकडीचं काम चालू होतं. राज्यपालांचे सहायक राल्फ मन्रो योगायोगाने तिथे शिडाच्या होडीतून फिरत होते. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, राज्य कोर्टात गेलं आणि वॉशिंग्टनच्या पाण्यात पकडणं कायमचं थांबलं. पण तोवर या तीन कुळांतले चाळीसहून जास्त गेले होते, आणि मुद्दाम कोवळे निवडून. ज्यांच्यापासून पुढची पिढी व्हायची तीच पिढी नेली. त्याचा फटका अजून बसतोय: १९९० नंतर जन्मलेल्या आणि तपासलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त फक्त दोन नरांची आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात जवळच्या नात्यातल्या संकराने आयुष्य घटतंय असं स्पष्ट दिसलं.

तेव्हा आपण मध्ये पडायचं की नाही हा प्रश्न उरलेलाच नाही. आपण पन्नास वर्षांपूर्वीच पडलोय. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं आणि यांचं वैरही नाही. कुणी यांचे पैसे वाचवून ते यवतमाळला पाठवणार नाहीये.

डोंगरकडा

पेन कोव्हबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझं "निसर्गाने" मागे घेतो. वाचतोय.

चीफ_इंजिनियर_डोंबिवली

मी २२ वर्षं जहाजावर आहे, इंजिन विभागात. व्हँकूवरला अनेकदा गेलोय, त्यामुळे आवाजाबद्दल लिहू शकतो.

जहाजाचा पाण्यातला मोठा आवाज इंजिनापेक्षा प्रोपेलरचा असतो. पातं जोरात फिरलं की त्याच्या मागे दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. लाखो बुडबुडे एकसारखे फुटत असतात. कढईत मोहरी तडतडावी तसं, पण मैलोन्‌मैल ऐकू जाईल असं. वेग कमी केला की हे फुटणं झपाट्याने कमी होतं.

ऑर्का 'क्लिक' सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतात. चिनूकच्या हवेच्या पिशवीवरून उठणारा प्रतिध्वनी त्यांना ओळखता येतो. आमच्या बुडबुड्यांत तो हरवतो.

व्हँकूवरच्या बंदराने २०१७ पासून हॅरो सामुद्रधुनीत वेग कमी करण्याची योजना सुरू केली. सक्ती नाही, विनंती आहे. कंटेनर आणि प्रवासी जहाजांनी साडेचौदा नॉट, बल्क (सुटा माल नेणारी जहाजं) आणि टँकरनी ११ नॉटच्या आसपास राहायचं. जहाजाला वाट दाखवणारा पायलट चढला की कॅप्टनला पहिलं तेच सांगतो. वेळापत्रकात थोडा उशीर होतो, पण बहुतेक जहाजं ऐकतात. पहिल्यांदा ब्रिजवरून फोन आला की "ऑर्कांसाठी आरपीएम कमी करा", तेव्हा मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग पायलटने समजावलं. तेव्हापासून त्या पट्ट्यात ड्यूटी असली की मी स्वतः कंट्रोल रूममध्ये उभा राहतो.

किनाऱ्यावरून कुणी ऑर्का पाहिल्याची नोंद व्हेल-रिपोर्ट अ‍ॅपवर टाकली की जवळच्या जहाजांच्या कॅप्टनना इशारा जातो. तिथे राहणाऱ्यांनी ते अ‍ॅप जरूर घ्यावं. आम्हाला त्याचा खरोखर उपयोग होतो.

निनाद_व्हँकूवर

चीफसाहेब, हे वाचून फार बरं वाटलं. एक काळजी मात्र आहे. मे २०२४ पासून ट्रान्स माउंटनची वाढवलेली तेलवाहिनी सुरू झाली. इथून महिन्याला पाचेक टँकर जायचे, आता ३४ पर्यंत जाऊ शकतील एवढी क्षमता झालीय. ते सगळे याच पाण्यातून. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलाचं जहाज फुटलं तेव्हा तिथल्या ऑर्कांच्या एका गटात २२ जण होते. आता ७ उरलेत, आणि त्या दिवसानंतर त्या गटात एकही पिल्लू जन्मलेलं नाही. गट अजून पोहतोय, पण संपलेला आहे. आपल्याकडे अशी एकच गळती पुरे.

मालवणी_सारंग

माझी तारकर्लीक पर्यटकांची बोट असा. आमच्याकडे डॉल्फिनाक गादो म्हणतत. पूर्वी एक गादो दिसलो की चार-पाच बोटी चारी बाजूंनी धावायच्या, माणसा आरडायची, पिल्ला घेऊन माद्या लांब खोल पाण्यात जायच्या. मी दोन वर्षांपासून इंजिन बंद करून लांब थांबतंय. गादो आपणहून जवळ येता. सगळेच तसा करूक लागले नाहीत, पण काही जणांनी केल्यानी.

तिकडे बोटींना काय नियम असा?

माणदेशी_लेक

@सारंगदादा, तुमचं वाचून खूप आनंद झाला. इथे १ जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनच्या पाण्यात या ऑर्कांपासून १,००० यार्ड, म्हणजे ९००हून जास्त मीटर लांब राहायचं. व्हेल दाखवणाऱ्या बोटी असोत की कुणाची खाजगी. त्यामागे एक अभ्यास आहे: ऑर्कांच्या अंगाला चूषकाने चिकटणारी छोटी यंत्रं लावून बघितलं, तर बोट ४०० यार्डांच्या आत आली की माद्या शिकारीचा सूर मारणंच सोडून देतात असं दिसलं. नर सोडत नाहीत, माद्या सोडतात. आणि पोटात किंवा पाठीशी पिल्लू असतं ते माद्यांच्याच.

म्हणून सगळ्यांना सांगते, बघायचेच असतील तर किनाऱ्यावरून बघा. लाइम किल्नला पाण्याखाली हायड्रोफोन आहे, त्यांचे आवाज ऐकता येतात.

शब्दवेडी

त्या आवाजांबद्दल थोडं. मी भाषाविज्ञान शिकवते आणि जॉन फोर्ड यांनी या भागातल्या ऑर्कांच्या हाकांवर केलेलं काम वर्गात सांगते. प्रत्येक कुळाच्या ठरावीक हाका आहेत, पिल्लं त्या आईकडून शिकतात. जे कुळाची आवडती हाक एस १, के ची एस १६, एल ची एस १९. सरावलेल्या माणसाला डोळे मिटून सांगता येतं की आज कोण आलंय. आपण बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो, इथे एकाच पाण्यात आजीगणिक बदलते.

कुळं बऱ्याच दिवसांनी भेटली की कधी कधी दोन ओळी करून समोरासमोर थांबतात, मग एकमेकांत मिसळतात आणि पाणी हाकांनी भरून जातं. २०२५ मध्ये सेंटर फॉर व्हेल रिसर्चच्या लोकांनी आणखी एक गोष्ट टिपली: हे ऑर्का केल्प या समुद्री वनस्पतीचा देठ तोडतात, दोघांच्या अंगांमध्ये धरतात आणि एकमेकांना घासतात. न्हाऊमाखू घालतात म्हणा. उत्तरेकडच्या रेसिडेंटांची बोली वेगळी आहे आणि ते तीनशेच्या वर आहेत, म्हणून "ऑर्का तर उरतीलच" असं कुणी म्हणेल. पण ही बोली बोलणारे हे ७४च आहेत.

पास्कोकर

मी गेली अकरा वर्षं वॉशिंग्टन राज्याच्या कोरड्या बाजूला, पास्कोला राहतो. इथे चर्चा अजून धरणांवर आली नाही, पण येणार, म्हणून आधीच लिहितो. स्नेक नदीच्या खालच्या भागात आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनाइट अशी चार धरणं आहेत. ती फोडा, सॅमन येईल, ऑर्का जगतील, असं सिएटलमध्ये बसून म्हणणं सोपं आहे. या धरणांमुळे आयडाहोतल्या लुइस्टनपर्यंत बार्ज जातात, गहू त्यांतून येतो. आइस हार्बरच्या पाण्यावर माझ्या शेजाऱ्याची बाग उभी आहे. वीज आहे, तीही धूर न सोडणारी. धरणांना मासे चढायच्या पायऱ्या आहेत. आणि माझ्या वाचनाप्रमाणे उन्हाळ्यात ऑर्का जो चिनूक खातात तो मुख्यतः कॅनडातल्या फ्रेझर नदीचा आहे. मग ओझं आमच्याच डोक्यावर का?

माणदेशी_लेक

@पास्कोकर, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत, कारण खरा तिढा इथेच आहे.

फ्रेझरचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ते उन्हाळ्याचं. हिवाळा संपताना, जेव्हा पोट सगळ्यात रिकामं असतं, तेव्हा हे ऑर्का कोलंबिया नदीच्या मुखापाशी घुटमळतात आणि स्नेकचा वसंतातला चिनूक कोलंबियातूनच समुद्रात ये-जा करतो. डोंगरातून येणारा, लांबचा प्रवास करायचा म्हणून अंगात भरपूर चरबी साठवलेला मासा. एके काळी कोलंबिया खोऱ्यातल्या वसंत चिनूकपैकी जवळपास निम्मा स्नेकमधला होता.

पायऱ्या आहेत, पण त्या वर चढणाऱ्या मोठ्या माशांसाठी. खाली येणाऱ्या बोटभर पिल्लांना एकामागून एक साचलेले जलाशय पार करावे लागतात. वाहतं पाणी असताना जो प्रवास पटकन व्हायचा तो लांबतो, पाणी तापतं, वाटेत खाणारे टपलेले असतात. २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की कोलंबियात अडीच लाखांच्या आसपास सॉकाय सॅमन वर पोचायच्या आधीच मेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारच्याच नोआ संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की स्नेकमधला मासा खरोखर सावरायचा तर तिथली धरणं फोडणं गरजेचं आहे.

तुमच्या शेजाऱ्याच्या बागेचं काय, हा प्रश्न मी झटकत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या करारात नेमकं तेच होतं: आधी पर्यायी वीज, पाणी आणि वाहतूक उभी करायची. नेझ पर्स, याकामा, यूमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या चार जमाती आणि दोन राज्यं त्यात होती. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो रद्द केला. मला त्याचं अतोनात वाईट वाटलं, कारण दोन्ही बाजूंना घेऊन चालणारी वाट तीच होती.

मालवणी_सारंग

पास्कोकरांचा दुखणा माका कळता. आमच्याकडे जाळ्यात कासव किंवा देवमासो सापडलो की जाळा कापून सोडायचा, पण जाळा हजारो रुपयांचा. २०१८ पासून सरकार जाळ्याची भरपाई देता, २५ हजारांपर्यंत, फोटो दाखवल्यावर. त्या दिवसापासून पोरा आपणहून फोटो काढून सोडूक लागली. आधी सगळे वायट होते आणि मग चांगले झाले असा नाय. नुकसान एकट्याच्या माथ्यावर नाय रवला, इतक्याच.

पास्कोकर

सारंगदादा, हे पटलं. इथे कुणी माझ्या शेजाऱ्याच्या दारात येऊन असं बोललेलं नाही, हेच तर म्हणतोय. आधी रेल्वे आणि पंप दाखवा, मग धरणाचं बोला. तसं असेल तर मीही ऐकेन.

रानवाट

पण धरण काढल्यावर मासा परत येतो याची खात्री काय? आणि तोवर आपल्या मत्स्यबीज केंद्रांसारखी पिल्लं वाढवून सोडता येत नाहीत का?

निनाद_व्हँकूवर

@रानवाट, येतो. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली. मासा परतला, आणि २०२३ मध्ये तिथल्या क्लॅलम जमातीने कित्येक वर्षांनी आपल्या नदीत मासेमारी केली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये काढून झाली. त्याच ऑक्टोबरात चिनूक ऑरेगनमध्ये वरपर्यंत पोचले, १९१२ नंतर पहिल्यांदा. शंभर वर्षं बंद असलेली वाट, आणि दार उघडल्यावर काही आठवड्यांत ते घरी.

केंद्रांतून पिल्लं सोडतात, २०१८ नंतर ती वाढवलीही आहेत. त्याने तातडीची भूक थोडी भागते म्हणून मी विरोध करणार नाही. पण ती पिल्लं जंगली माशांशी अन्नावरून झगडतात आणि त्यांचं वाणही मिसळतं. मूळ चिनूक आता आकारानेही लहान झालाय. पूर्वी कोलंबियात वर येणारे मासे पाहिलेली म्हातारी माणसं हात पसरून मापं दाखवतात. ऑर्काला एका मोठ्या माशाच्या जागी दोन-तीन लहान पकडावे लागतात, म्हणजे दोन-तीनदा सूर मारावा लागतो.

अनुजा_पुणे

मी रबर उद्योगात रसायनतज्ज्ञ आहे, म्हणून एक भर. टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, जगभर, आपल्याकडेही. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं एक क्विनोन बनतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. सिएटलच्या ओढ्यांत कोहो सॅमन अंडी घालायच्या आधीच तडफडून का मरतात हे कोडं वर्षानुवर्षं होतं. २०२० च्या अखेरीस तिथल्या संशोधकांनी हेच कारण शोधून काढलं. चिनूकला याचा त्रास कोहोइतका नाही. पण मी रोज ज्या पदार्थासोबत काम करते तो तिकडे मासा मारतो हे वाचल्यावर झोप लागली नव्हती. पर्यायावर काम सुरू आहे, सोपं नाही. रस्त्याचं पाणी माती-झाडांच्या चरातून गाळून सोडलं तर मासे वाचतात, हे मात्र सिद्ध झालंय. तेवढं तरी लगेच करता येतं.

बेलव्ह्यूची_मीनल

ताई, आम्ही येत्या शनिवारी दोन्ही मुलांना घेऊन लाइम किल्नला जायचं ठरवलंय. बोटीचं बुकिंग केलं होतं, ते हा धागा वाचून रद्द केलं. काय काय लागेल? आणि दिसतीलच का?

माणदेशी_लेक

@मीनल, सांगता येत नाही गं. पूर्वी उन्हाळ्यात रोज दिसायचे म्हणतात, आता फ्रेझरला मासा कमी तसे फेऱ्याही कमी. अ‍ॅनाकोर्टिसची पहाटेची फेरी आरक्षित करून ठेव. वारा फार असतो, कानटोपी घे, मुलांना जाडं जाकीट. दुर्बीण नसेल तर माझी घेऊन जा, शुक्रवारी संध्याकाळी घरी आहे. चीफसाहेबांनी सांगितलेलं अ‍ॅप आधीच टाकून ठेव. दिसले तर आधी नोंद कर, मग फोटो.

आणि पराच्या मागचा राखाडी डाग नीट दिसेल असा एक तरी फोटो काढ. आईला पाठवायचाय. दर रविवारी फोनवर विचारते, ती ताह्लेक्वाच्या मुलाला ओळखायला शिकतेय.